डबीतलं वचन

आमच्या घरी रविवारी जेवणाआधी वचनाची डबी फिरते. बिस्किटांची जुनी पत्र्याची डबी, आत कागदाच्या सुरळ्या. प्रत्येकाने एक उचलायची, मोठ्याने वाचायची, मग प्रार्थना, मग जेवण. सुरळ्या लिहायचं काम माझं. शाळेत मराठी शिकवण्यात हयात गेली, चर्चच्या रविवारच्या शाळेतही मीच शिकवते, शिवाय अक्षर चांगलं. बायबलमधून एकेक ओळ वेचायची आणि पट्टीवर उतरवायची. तिच्या मागचं-पुढचं पट्टीवर मावत नाही, आणि मावावं असं मला कधी वाटलंही नव्हतं.

त्या वर्षी माझा धाकटा भाऊ अकोल्याहून अमरावतीला आमच्याकडे राहायला आला. तो ज्या दालमिलमध्ये मशीनवर होता ती बंद पडली होती. बायको-मुलीला तिकडेच ठेवून तो इथे काम शोधायला आला. पंधरा दिवसांसाठी आलेल्याला तिसरा महिना लागला आणि माझं डोकं फिरायला लागलं. सकाळी पोळी-भाजी खाऊन बाहेर पडायचा, दुपारी येऊन दिवाणावर आडवा व्हायचा. विचारलं की एकच उत्तर, "पाहून राहिलो ना, ताई." त्याला भाजी वाढताना मी हात आखडता घेऊ लागले.

तो शोधत होता हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्याचे शर्ट मीच धुवायची. खिशात अर्जाच्या झेरॉक्स असायच्या. एकदा वरूडच्या एसटीचं तिकीट निघालं. संत्र्याच्या पॅकिंगमध्ये विचारायला गेला होता, तिथे त्यांना तरणी पोरं हवी होती. हे सगळं कळूनही मी चिडले, याची आज लाज वाटते.

एका शनिवारी मी नवी सुरळी लिहिली. प्रेषिताच्या पत्रातलं ते कडक वचन: ज्याला काम करायचं नाही, त्याने खाऊही नये. रविवारी ती सगळ्यांच्या वर ठेवली. डबी नेहमी लहानांपासून फिरते, त्या दिवशी मी ती आधी त्याच्यासमोर धरली. म्हटलं, "आज पाहुण्याचा मान."

त्याने वाचलं, मोठ्याने, शेवटपर्यंत. माझी दोन्ही मुलं ताटांकडे बघत बसली. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं, मी वरणात चमचा फिरवत राहिले. भावाने कागद खिशात ठेवला, प्रार्थनेला डोळे मिटले, एक पोळी खाल्ली आणि पोट भरलं म्हणाला. सोमवारी सकाळी तो अकोल्याच्या गाडीत बसला. मी थांब म्हटलं नाही. उलट, वचन बरोबर लागू पडलं, असं मनात आलं.

वर्षभराने चर्चच्या महिला मंडळात नव्या पाळकीणबाईंनी पद्धत बदलली. आधी अख्खा अध्याय वाचायचा, मगच एका वचनावर बोलायचं. अवघड वचनं निवडली होती, आणि माझ्या वाट्याला नेमकं तेच आलं. मी रुबाबात वाचायला उठले. ते वचन ज्यांच्यासाठी होतं, त्यांनी काम जाणूनबुजून सोडलं होतं आणि ते इतरांच्या घरात नाक खुपसत फिरत होते. काम न मिळणाऱ्याचा त्यात उल्लेखच नव्हता. पुढे लिहिलं होतं, चांगलं करताना थकू नका. त्याच्याही पुढे, चुकणाऱ्याला वैरी मानू नका, भाऊ समजून सांगा.

भाऊ हा शब्द आला आणि मी तीच ओळ पुन्हा वाचली. बायकांना वाटलं ओळ चुकली, कुणीतरी बोट ठेवून पुढची दाखवली. नाक खुपसणारी कोण होती? भावाचे खिसे तपासणारी मी. इतकी वर्षं मुलांना शिकवत आले आणि पुढची पाच वचनं कधी वाचली नाहीत!

त्याच आठवड्यात अकोल्याला गेले. भाऊ आता वेल्डिंगच्या दुकानात कामाला लागला होता, हातांवर भाजल्याचे डाग होते. त्याच्या बायकोने पिठलं-भाकर केली. ताट पुढे आलं पण घास उचलवेना. मी म्हटलं, "त्या दिवशी मी चुकले रे. ती सुरळी मीच वर ठेवली होती. आणि पुढचं काही वाचलंच नव्हतं."

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "त्याच दिवशी दुपारी मी पुरा अध्याय वाचला."

"मग बोलला काहून नाहीस?"

त्याने माझ्या ताटात भाकरीचा अर्धा तुकडा आणखी ठेवला. "लेकरं होते ना घरात, ताई. त्यायच्यासमोर तुले मान खाली कायले घालाले लावू? जेव आता, थंडं होऊन राहिलं."