चहाची सही

ते तुटकं पितळी कुलूप अजून डोळ्यांपुढे येतं. त्याच्यासोबत तेव्हाची मीही येते. कडक इस्त्रीची, कडक आवाजाची आणि आतून जळकी उपनिरीक्षक.

जव्हारला नेमणूक होती. सकाळची हजेरी चालू असताना एका गृहनिर्माण संस्थेचे अध्यक्ष आले. मागच्या फाटकाला संस्थेने लावलेलं कुलूप फोडलं होतं, आणि त्यांचा संशय मागच्या घरातल्या नर्सबाईंवर होता.

बाब अदखलपात्र. नोंद घ्यायची, समज द्यायची, संपलं. पण नाव ऐकून मी उठलेच. ही बाई माझ्याच वयाची, मोखाड्याकडच्या पाड्यातली, आणि स्वतःच्या घराची मालकीण. मी गळक्या क्वार्टरमध्ये. वर दवाखान्यात जाऊन आलेले आमचे हे उठताबसता म्हणायचे, "सिस्टर किती शांत बोलतात."

"मॅडम, कुलपाचा पंचनामा?" हवालदारांनी विचारलं.

"गुन्हा लहान नसतो," मी म्हणाले. काय ती ऐट.

घरी गेलो तर नर्सबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "मीच तोडलं. सासूबाईंची चाकाची खुर्ची. पुढे पायऱ्या आहेत. दवाखान्यात त्यांना कुठून नेऊ?"

मी अध्यक्षांनी दिलेली सभेच्या इतिवृत्ताची वही पुढे सरकवली. "फाटक बंद करायचा ठराव सर्वानुमते झालाय. ही तुमची सही."

"सही माझीच. पण ही चहाची आहे."

खुर्चीतून म्हातारी म्हणाली, "पोलीसबाय, तूपण चा घे. सही नको करू फक्त."

सभेत चहाच्या ट्रेमागोमाग वही फिरायची. कप उचलायचा, सही करायची. मी आणखी चार घरं विचारली. सगळीकडे तेच उत्तर, "हो, चहाची." ठराव कोणालाच ठाऊक नव्हता. मग पान नीट पाहिलं. सह्या ऐसपैस, आणि वरचा ठराव मुंगीएवढ्या अक्षरांत कोंबलेला. शेवटची ओळ तर दोन सह्यांच्या मधून गेलेली.

अध्यक्ष म्हणाले, "वाचून दाखवत बसलो तर सभा संपायची नाही. आणि फाटक उघडं असलं की दरवेळी माझी गाडी काढावी लागते."

"कोऱ्या पानावर सह्या घेता?" मी आवाज चढवला.

हवालदार खोकले. त्यांच्या हातात माझा पंचनामा होता. घाईत मी फाटकापाशीच दोन्ही पंचांच्या सह्या घेतल्या होत्या. वर सगळं कोरं.

"मॅडम, वर काय लिहू?"

काय लिहायचं ते मी ठाण्यातूनच ठरवून निघाले होते. कागद फाडला. पुढच्या सभेत तोच ठराव मोठ्याने वाचला गेला. बाजूने हात एकच वर आला, गाडीवाल्याचा.

मत्सराने तपासाला निघालेल्या माणसाला पुरावा लागत नाही, कोरा कागद पुरतो, हे मी त्या दिवशी शिकले.

निवृत्तीनंतर घर त्याच संस्थेत घेतलं. सचिव नर्सबाईच. ठराव आधी वाचतात, फळ्यावर लावतात, मगच चहा. आमचे हे म्हणतात, "सिस्टर किती स्पष्ट वाचतात." मी कान देऊन ऐकते, चूक सापडत नाही. मग म्हणते, चहात साखर कमी आहे.