आत्याचं मशीन उठेना!

हे बाहेर सांगायचं नाही, असं आत्याने मला बजावलं होतं. "क्लासमधलं क्लासमध्येच राहू दे." पण तिच्या कॉम्प्युटरचे किस्से म्हणजे फुटलेल्या पिशवीतले मुरमुरे. एक उचलायला जावं तर चार सांडतात! म्हणून सांगते, पण तुमच्यापुरतंच ठेवा.

जळगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आत्याचा कॉम्प्युटर क्लास आहे. मशीन एकच, तेही जुनं. ते सुरू झालं, की काळ्या पडद्यावर पांढरे आकडे भराभरा चढतात आणि सगळी मुलं श्वास रोखून बघतात. मी तर अजूनही बघते. कधी आकडे पूर्ण होतात, कधी मध्येच पडदा विझतो. माझे बाबा सरकी-ढेपेचे व्यापारी. ते आत्याला एकदाच म्हणाले, "सुमन, हे चालत नसेल तर यंदाच्या सीझनला त्या खोलीत पोती टाकतो."

तेव्हापासून आत्या डोळे मिटून स्विच दाबते.

*

मागच्या दसऱ्याला आत्याने मशीनची पूजा केली. हळद, कुंकू, झेंडूचा हार, सगळं साग्रसंगीत. दुसऱ्या दिवशी स्विच दाबला, तर मशीन नुसतं पीं पीं पीं ओरडत सुटलं! थांबेच ना. एका मुलीने तर हातच जोडले.

आत्याने कीबोर्ड उलटा करून झटकला. एका बटणाखालून अक्षतेचा दाणा पडला. पुन्हा स्विच दाबला, आणि मशीन शहाण्या मुलासारखं सुरू!

बाबा दारातून म्हणाले, "देवाला पोचलं, पण यंत्राला बोचलं!"

*

शेजारी नानांची पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की आमचा दिवा मिणमिणतो आणि मशीन जागच्या जागी मरतं. मग आकडे पुन्हा पहिल्यापासून.

आत्या भीत भीत सांगायला गेली. नाना मोठ्या मनाचे. तेव्हापासून ते पट्टा चढवण्याआधी भिंतीवरून विचारतात, "करू का चालू, ताई?" आणि आत्या ओरडते, "थांबा नाना, सेव्ह करते!"

आता गिरणीवर ज्वारी-उडदाचं, कळण्याच्या भाकरीचं दळण घेऊन बसलेल्या बायकाही घाई करणाऱ्याला दटावतात, "दम धर ना! सेव्ह व्हायचंय अजून!"

सेव्ह म्हणजे काय, हे त्यांना कुणी विचारत नाही.

*

मशीन दुरुस्त करणारे साहेब धुळ्याला असतात. आमच्याकडे फोन नाही. एकदा पडद्यावर इंग्रजी ओळ आली आणि पुढे काहीच होईना. ती ओळ पाठ करून मी एसटीडी बूथवर पळाले. मी वर्गातसुद्धा हळू बोलते, तिथे रांगेतल्या सगळ्यांसमोर ओरडावं लागलं, "नॉन सिस्टम डिस्क!"

पलीकडून साहेब म्हणाले, "आत फ्लॉपी राहिलीय. काढ, म्हणजे सुरू होईल."

मी धावत जाऊन काढली. झालंच सुरू!

दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेले, तर एका अनोळखी काकांनी सायकल थांबवून विचारलं, "पोरी, निघाली का गं फ्लॉपी?"

*

पण खरा किस्सा रविवारचा.

आत्याने मुलांच्या पालकांना बोलावलं होतं. पारोळ्याहूनही दोघं आले होते. मागे हाताची घडी घालून बाबा. आत्याने स्विच दाबला. पंखा फिरला, आकडे चढले, आणि सगळं तिथेच थांबलं. बंद केलं, पुन्हा लावलं. तेच. आत्याचा चेहरा पांढरा पडला. एक बाई कुजबुजल्या, "बस स्टँडजवळच्या क्लासमध्ये रंगीत आहे म्हणे."

तेवढ्यात गिरणीवाल्या नानांच्या बायको, अक्का, गर्दी बघून आत आल्या. त्यांनी एकदा आत्याकडे पाहिलं. मग मशीनजवळ गेल्या, आणि अडून बसलेल्या म्हशीच्या पाठीवर मारावी तशी थाप त्याच्या डब्यावर मारली.

"ऊठ वं माय! बठ्ठा तुनी वाट देखी ऱ्हायनात!" सगळे तुझी वाट बघतायत, असं मशीनलाच अहिराणीत सुनावलं!

आत काहीतरी खट् झालं. मग बारीक घूं घूं. आणि पडद्यावर ओळीमागून ओळ उतरू लागली. बाबांनी हाताची घडी सोडली आणि मागच्या मागे अंगणात जाऊन हमालाला म्हणाले, "पोती गोदामातच राहू दे रे."

संध्याकाळी मी बूथवरून धुळ्याला फोन करून साहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. पण ते हळूच म्हणाले, "थाप नेमकी कुठे मारली गं? माझ्याकडे असंच एक मशीन कधीचं पडून आहे."

मी अगदी शेजारी उभी होते, त्यामुळे ते मला एकटीलाच ठाऊक आहे. अक्कांचा हात पडला होता बरोबर— आले गं आत्या, आले!