गयाबाईंचा रस्ता

हॅझलबी हे लेस्टरच्या कडेचं एवढंसं उपनगर. त्यात एक प्रायमरी स्कूल, मुलं जेमतेम एकशे दहा, आणि त्या शाळेच्या ऑफिसात दिवसभर टाइपरायटर बडवणारी मी. शाळा कोण चालवतं असं कुणी विचारलं, तर मी आपलं हेडमिस्ट्रेसकडे बोट दाखवायची. पण खरी मालकीण गेटसमोरच्या रस्त्यावर उभी असायची. उंची पाच फुटांच्या आतली, साडीवर पांढरा लांब कोट, डोक्यावर टोपी, हातात स्वतःहून उंच काठी आणि काठीच्या टोकाला गोल पाटी: थांबा, मुलं! गाड्या थांबवून मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या अशा बाईला इथे लॉलीपॉप लेडी म्हणतात. आमच्या लॉलीपॉप लेडीचं नाव गयाबाई वाघमारे. १९८१ ते १९९६, पंधरा वर्षं त्यांनी ती काठी सांभाळली. सत्त्याऐंशी साली मात्र ती जाता जाता राहिली, आणि घालवायला निघाल्या होत्या त्या स्वतःच.

गयाबाईंचं घर बरोबर क्रॉसिंगसमोर. नवरा यादवराव होजियरीच्या कारखान्यात रात्रपाळीला, त्यामुळे सकाळी घरी. त्या ऑक्टोबरात एका सकाळी कौन्सिलचा मिस्टर पॉटर नावाचा मनुष्य फूटपाथवर घडीची खुर्ची टाकून बसला. साडेआठ ते नऊ किती मुलं रस्ता ओलांडतात आणि किती गाड्या जातात, हे त्याला मोजायचं होतं. दोन्ही आकडे पुरेसे भरले तरच काठी राहणार होती. हे गयाबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना दिसला तो थंडीत नाक पुसत बसलेला, दाराशी आलेला माणूस. त्यांनी रस्त्यातूनच हाक दिली, "अहो, ऐकलं का? पाहुण्यांना आत घ्या. पोहे टाका!"

पुढचं मला यादवरावांनीच सांगितलं. पॉटरला नको म्हणणं जमेना आणि यादवरावांना आग्रह सोडवेना. पहिली बशी संपायच्या आत दुसरी, मग चहा, मग पुन्हा थोडा चहा. पॉटर बाहेर आला तेव्हा नऊला दहा मिनिटं होती. बहुतेक मुलं वर्गात पोचली होती.

तीन आठवड्यांनी कौन्सिलचं पत्र आलं. उघडलं मीच. मुलं कमी, गाड्या कमी, सबब नाताळापासून लॉलीपॉप लेडी बंद.

मी तशीच कोट न घालता बाहेर धावले. मोजणीच्या दिवशी काय झालं ते कळल्यावर माझा पारा चढला. "गयाबाई, तुमची नोकरी मोजायला आलेल्या माणसाला तुम्ही पोहे खायला बसवलंत?"

"मग काय थंडीत कुडकुडू द्यायचा?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी काठी फूटपाथला टेकवली. म्हणाल्या, "सुप्रभाताई, माझ्या बापाला शाळेच्या पडवीत बसवायचे. आत नाही, बाहेर. पावसात पाटी भिजायची म्हणून सदऱ्याखाली धरायचा. मला तर तेवढंही नाही मिळालं. अन् आता मी हात वर केला की साहेबांच्या मोटारी थांबतात, पोरं शाळेत जातात. हे काम गेलं तर घरात पैसा कमी पडेल असं नाही हो. पण मग मी रोज सकाळी कुठं उभी राहू?"

मला रडू आलं की मी भांडते. ऑफिसात जाऊन मी हेडमिस्ट्रेसशीच भांडले, तिने कौन्सिलला फोन केला आणि फेरमोजणी मंजूर झाली.

आता आमच्या शहाणपणाची पाळी आली. माझे यजमान शशिधर हॉस्पिटलात डॉक्टर. त्यांनी घरी मीटिंगच घेतली. "सुप्रभा, लॉजिक सिंपल आहे. मुलं चालत आली की गाड्या घटतात, मुलं गाडीतून आली की चालणारी घटतात. सो, आया मुलांना चालत नेतील आणि आम्ही नवरे रिकाम्या गाड्या ब्लॉकभोवती राउंड अँड राउंड फिरवू." मला ही युक्ती भलतीच आवडली, हे कबूल करते.

फेरमोजणीच्या सकाळी पॉटर पुन्हा खुर्ची टाकून बसला. आयांबरोबर मुलांची रीघ लागली. मध्येमध्ये आमची लांबलचक लाल एस्टेट गाडी जात होती. एकदा गेली. दोनदा गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा शशिधरनी पॉटरला ओळखू येऊ नये म्हणून चक्क टोपी बदलली होती. गयाबाई भर रस्त्यात आल्या आणि गाडीसमोर काठी आपटून उभ्या राहिल्या.

"डॉक्टरसाहेब, पोरांच्या देखत खोटं? घरी जा!"

एवढा फेलोशिपवाला माणूस, मान खाली घालून निमूट घरी गेला. गयाबाई तिथून थेट पॉटरकडे गेल्या आणि आपल्या इंग्रजीत म्हणाल्या, "मिस्टर, या गाड्या खोट्या. लिहू नका." मी खिडकीतून बघत कपाळावर हात मारून घेतला. आता संपलंच सगळं.

पॉटरने पेन खिशात ठेवलं. तो म्हणाला, "मिसेस वाघमारे, खरं बोलायचं तर पहिला आकडाही खोटाच आहे. त्यातली वीस मिनिटं मी तुमच्या किचनमध्ये होतो. ऑफिसात सांगायची लाज वाटली." त्याने फाइलीतला जुना कागदही काढला आणि दोन्ही फाडले. तिसरी मोजणी होईल, म्हणाला, आणि ती न सांगता होईल.

ती कधी झाली आम्हाला कळलंही नाही. डिसेंबरात पत्र आलं. मी पुन्हा तशीच धावले. शाळा सुटायची वेळ होती. गयाबाई पलीकडच्या कडेला होत्या आणि त्यांनी मला हात करून अलीकडेच थांबवलं. आधी मुलं! शेवटचं मूल घराकडे गेल्यावर मी इकडूनच ओरडून पत्र वाचलं: लॉलीपॉप लेडी चालू राहील.

"पुन्हा वाचा," त्या ओरडल्या. मी पुन्हा वाचलं.

रस्त्यावर आता एकही मूल नव्हतं. एक गाडी तेवढी येत होती. गयाबाईंनी टोपी सारखी केली, काठी उंच धरली आणि रस्त्यात उतरल्या. गाडी थांबली. आमचीच होती. शशिधरनी मुलांसाठी नजर फिरवली, कुणीच दिसेना, तेव्हा काच खाली केली. "गयाबाई, कोण ओलांडतंय?"

"मी," गयाबाई म्हणाल्या, आणि मुळीच घाई न करता रस्ता ओलांडून शाळेच्या गेटातून आत आल्या.