गिअरमध्ये राहिलेली मोटर

मार्गशीर्षातल्या दुपारी गजकवाल्यांच्या भट्ट्यांमधून भाजक्या तिळाचा आणि गुळाचा वास जयेंद्रगंजभर पसरतो आणि गल्लीतल्या उबदार उन्हाबरोबर माझ्या अंगणात येऊन रेंगाळतो. गुरुवारी त्या वासात आणखी एक वास मिसळला, जुन्या रबराचा आणि शिळ्या पेट्रोलचा. वहिनींनी माझ्या तळहातावर ठेवलेल्या नावेच्या मोटरची दोरी ओढायच्या त्या काळ्या मुठीचा वास मी अकरा वर्षांनंतरही डोळे मिटून ओळखला असता.

“भाऊजी, सामान बांधताना ही सापडली. हे म्हणाले, देऊन ये,” वहिनी उंबऱ्यातूनच बोलल्या. “रविवारी गाडी आहे आमची. अब नागपूरलाच राहणार, मुलीकडे. इथलं घर खाली करतोय.” चहाला त्या थांबल्या नाहीत. त्यांचे यजमान, म्हणजे माझा मित्र मुकुंद, सोबत आला नव्हता, आणि तो का आला नाही हे मी विचारलं नाही.

मुकुंद माधवगंजातला, माझ्यापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवरचा. त्याचे पूर्वज दक्षिणेतून इकडे उत्तरेत पोथ्या घेऊन आले आणि माझे तलवारी घेऊन, यावरून आम्ही जन्मभर एकमेकांची टर उडवली. चाळिशीत दोघांनी मिळून एक जुनी नाव आणि तिच्या मागे लावायची, दोरी ओढून सुरू होणारी मोटर घेतली. हिवाळ्यातले कितीतरी रविवार तिघऱ्याच्या तलावावर, धुक्यातून हळूहळू उलगडणाऱ्या पाण्याकडे पाहत, फारसं न बोलता आम्ही घालवले. न बोलता बसता येईल असं माणूस आयुष्यात एखादंच भेटतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

त्या शेवटच्या रविवारी पात्याला पाणवेल गुंडाळली गेली. सुकाणू माझ्या हाती होतं, म्हणून मीच मोटर बंद केली. मुकुंदने ओणवं होऊन वेल सोडवली आणि दोरी ओढली. ती तसूभरही हलेना. त्याने दोन्ही हातांनी हिसका दिला, तशी मूठ निसटून त्याच्या हातात आली. नावेत माझ्या शाळेतले दोन सहकारी होते, त्यांच्यादेखत मी म्हणालो, “पोथी धरणाऱ्या हातात यंत्र दिलं की असंच व्हायचं.” हेच वाक्य मी पूर्वी शंभरदा हसत म्हटलं असेल, त्या दिवशी मात्र मी हसत नव्हतो. आम्ही वल्हवत काठाला आलो. त्याने मोटर माझ्या मागच्या खोलीत आणून नीट टेकवून ठेवली आणि मूठ खिशात घालून तो निघून गेला. पुढच्या रविवारी मी गेलो नाही, तोही आला नाही. आमच्या घराण्यात माघार घेण्याची रीत नाही, असं मी स्वतःला मोठ्या तोऱ्यात सांगत राहिलो. माझी पत्नी गेली तेव्हा तो आला, सतरंजीच्या मागच्या टोकाला बसला आणि माझ्याशी नजर न मिळवता परतला. त्यानंतर हे घर फार मोठं झालं.

वहिनी गेल्यावर मी मोटरवरची ताडपत्री काढली. दुरुस्त करून निरोपाला न्यावी, म्हणजे माफी मागितल्यासारखंही होईल आणि मागावीही लागणार नाही, असा माझा हिशेबी विचार. दोन दिवस खपलो. वरचं झाकण उघडलं, आत ओढली गेलेली दोरी बाहेर काढली, घिरणी साफ केली, तिच्याखालची स्प्रिंग उसळून अंगठा कापून गेली. मोडलेलं काहीच सापडेना, आणि जोडून पाहावं तर दोरी पूर्वीसारखीच घट्ट.

आज दुपारी ऊन तिरपं होऊन मोटरच्या कुशीवर आलं, तेव्हा गिअरची दांडी दिसली. ती पुढे ढकललेली होती. मोटर गिअरमध्ये असताना चुकून सुरू होऊन नाव उधळू नये, म्हणून घिरणीला आतून खुंटी बसते. दांडी मध्यावर आणल्याशिवाय दोरी हलत नाही. तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलेल्या मला हे पक्कं ठाऊक होतं. मी बोटाने दांडी मागे घेतली आणि दोरी ओढली. सुळकन बाहेर आली. मोटर बंद करताना दांडी मागे घ्यायची मीच विसरलो होतो. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि मला रडू आलं.

त्याचा नंबर पाठ होता.

“मोटर मोडली नव्हती,” मी म्हणालो. “गिअरमध्ये राहिली होती. माझ्या हातून.”

पलीकडे खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

“मालूम होतं मला,” मुकुंद म्हणाला. “तुझ्या खोलीत ठेवतानाच दांडी बघितली होती.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू बघशील असं वाटलं होतं रे.”

अकरा वर्षं मी त्याला रुसलेला समजत होतो, आणि तो वाट पाहत होता. मी एक ताडपत्री उचलण्याची, इतकंच. मग तो म्हणाला की गाडी साडेअकराची आहे. ये म्हणाला नाही, नको येऊस असंही म्हणाला नाही.

संध्याकाळ उतरली आहे, तिळाचा वास विरत चालला आहे. दोरीला मी त्याची मूठ बांधली आहे, आणि दांडी पुन्हा पुढे, होती तिथेच नेऊन ठेवली आहे. ती त्याच्यासमोर माझ्या हाताने मागे घ्यायची आहे, आणि उद्या रविवार आहे.