निडीचा चढ आणि आमचे हे

भीड भिकेची बहीण, हे मी ह्यांना लग्न झाल्यापासून सांगत आलेय. गाढवापुढं वाचली गीता. आमच्या जोहे गावात कुणीही येऊन "जनूभाऊ, व्हईल ना?" म्हटलं की आमचे हे "व्हईल" म्हणून मोकळे. आमची पिकअप गाडी इवलीशी, पण तिनं कुणाचा भात, कुणाचं कपाट, कुणाचा अख्खा संसार वाहिलाय. 'नाय' हा शब्द ह्यांनी फक्त माझ्यासाठी राखून ठेवलाय. पाठ दुखते, डॉक्टरला दाखवू या? नाय. आज गाडी घरीच ठेवू या? नाय.

मी गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. यंदा रोह्याच्या एका मंडळाची मोठी मूर्ती आमच्याकडे होती. न्यायला ते ट्रॅक्टरला लोखंडी ट्रेलर जोडून आले. ट्रेलर त्यांनी स्वतःच वेल्डिंग करून बनवलेला, रिकामा असतानाच हलता हलत नव्हता. मूर्ती चढवून बांधली आणि ट्रॅक्टर आमच्या दारातच बंद पडला.

मंडळाचे अध्यक्ष हैबतराव. त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात टाकला. "जनूभाऊ, तुमची पिकअप वढील ना?"

मी त्यांच्या मागून डोळे वटारले. ह्यांनी ते पाहिलं आणि हे म्हणाले, "वढील."

वाटेत धक्क्यानं रंगाचा टवका उडाला तर तिथल्या तिथं बुजवायला कुणीतरी लागतं. म्हणून मी रंगाचे डबे घेऊन ट्रेलरवर मूर्तीच्या पायाशी बसले. राग होताच, पण मूर्ती माझ्या हातची होती.

निडी गाव मागं पडल्यावर चढ लागला. अर्ध्यात इंजिनानं मान टाकली. क्लच जळल्याचा वास सुटला आणि ट्रेलरच पिकअपला मागं ओढायला लागला. मंडळाच्या पोरांनी धावत जाऊन चाकांमागं दगड लावले. उतरायला जावं तर ट्रेलर हिंदकळत होता.

खरं तर हळूहळू मागं घेऊन सपाटीला यायचं आणि गावातून ट्रॅक्टर बोलवायचा, एवढंच करायचं होतं. पण हैबतराव आडवे आले.

"मूर्ती एकदा कारखान्यातनं निघाली की मागं सरत नाय. अपशकून हाय. पोरं धक्का देतील, तुम्ही जोर लावा."

आणि ती खुळी पोरं खरंच ट्रेलरच्या मागं जाऊन उभी राहिली. दगड निसटला असता तर पोरांच्या अंगावर ट्रेलर, ट्रेलरवर मी आणि माझ्या अंगावर बाप्पा. मला असा संताप आला की रंगाचा डबा त्या माणसाच्या डोक्यात घालावा. "शकुनाचं मग बघा, आधी पोरांना बाजूला घ्या," मी वरून ओरडले. बाईमाणसाचं ऐकतो कोण?

हैबतराव ह्यांच्या खिडकीशी गेले. "जनूभाऊ, एकदाच. व्हईल ना?"

बाहेरच्या आरशात मला ह्यांचे डोळे दिसले. ते माझ्याकडेच बघत होते.

"नाय," हे म्हणाले.

"काय म्हणता?"

"नाय व्हनार. पोरांना बाजूला घ्या. मी मागं घेतो."

"मग रोह्याच्या एका मूर्तीचं भाडं तुम्हाला मिळायचं नाय."

"नाय मिळालं तर नाय."

जरा मागं, की चाकाला दगड. पुन्हा जरा मागं, पुन्हा दगड. असं करत सपाटीला आलो तेव्हा माझी बोटं ट्रेलरच्या कठड्यावर घट्ट आवळलेली होती, ती सुटेनात. गावातल्या ट्रॅक्टरनं मूर्ती रोह्याला पोचवली. देव मागं सरला होता, पण एक टवका उडाला नाही.

घरी दारात आल्यावर मी सुटले. "हेच 'नाय' जोह्यात म्हणायला काय झालं होतं? दातखीळ बसली होती?"

"तवा तू खाली उभी व्हतीस," हे म्हणाले.

"म्हंजे मी वर नसते तर चढवली असती गाडी?"

ह्यांनी चावी खिळ्याला अडकवली आणि पाय धुवायला गेले.