भिकाजी धुरींचं यार्ड

आमच्या मसुऱ्यात रेल्वे नाही, पण १९५८ साली भिकाजी धुरींच्या पडवीत एक अख्खं रेल्वे यार्ड होतं. नारळाच्या झावळ्यांच्या हिरांचे रूळ, काडेपेटीच्या काड्यांचे स्लीपर, सुताच्या रिळांवर पळणारे लाकडी डबे. लोक हसायचे. मी मात्र वैतागायचो, कारण मी गावचा पोस्टमास्तर, आणि रेल्वेच्या कचेरीला जाणारे त्यांचे इंग्रजी अर्ज मलाच लिहावे लागत. एका महिन्यात तिसरा अर्ज लिहिताना कोणाचंही डोकं फिरेल.

"माका यार्डाचो अडतीस सालचो नकाशो होयो, मास्तरांनू. आताचो नको," एवढंच त्यांचं पालुपद.

भिकाजी मुंबईकडच्या एका यार्डात तीस वर्षं सांधेवाले होते. सांधा ओढायचा आणि डबा हव्या त्या रुळावर धाडायचा, हे काम. धाकटा भाऊ महादूही तिथेच होता. अडतीस साली महादू पाच नंबरच्या रुळावर उभा असताना मागून सुटा डबा आला आणि तो चिरडला गेला. चौकशीत कोणावर ठपका आला नाही. भिकाजींनी तो स्वतःवर घेतला.

"सांधो मी चाराक लावललो, ह्या माका पक्का आठवता," ते मला म्हणत. "मग डबो पाचार गेलो कसो?"

पडवीतल्या यार्डात ते दिवसभर डबा सोडत. सांधा चारला लावला की डबा चारवरच जाई. म्हणजे एक तर आठवण खोटी, नाहीतर रूळ खोटे. लढाईनंतर यार्ड उखडून नवं बांधलं होतं, आणि जुनं आठवायला गेलं की डोळ्यांपुढे नवंच येई. मग रूळ उपटायचे, पुन्हा मांडायचे. चतुर्थीला गावी आलेल्या प्रत्येक रेल्वेवाल्याला धरून आणायचे. जेवणावर लक्ष नाही, जरा बसले तरी पाय हलत राहायचे. शेवटी कचेरीचं उत्तर आलं, जुने नकाशे उपलब्ध नाहीत. मी ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघवेना. माझा सगळा राग तिथेच जिरला.

महादूची बायको जानकी दारात उभी राहून ऐकत होती. भिकाजींनी लग्न केलं नव्हतं, भावामागे तिला त्यांनीच सांभाळलं होतं. ती आत गेली आणि ट्रंकेतून पिवळा पडलेला कागद घेऊन आली.

"ह्यांनी धाडललो. मी गाडी कधी बघूक नाय, म्हणान आपण खंय उभे रवतत ता चित्र काढून कळवल्यानी."

"आणि ता तू आता दाखवतस?" भिकाजी ओरडले.

"दोष तुमचो निघालो असतो तर, भावोजी? तुमच्या हातचा अन्न माका कसा गिळवला असता?" तिने कागद त्यांच्यापुढे धरला. "पण आता तुमची तळमळ बघवत नाय. माका वाचूक येणा नाय. बघा आणि काय ता सांगा."

भिकाजी कागदावर वाकले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. चार आणि पाच नंबरच्या मध्ये एक लहानशी तिरकी रेघ होती. तिच्यापाशी महादूने लिहिलं होतं, 'हा सांधा माझ्या हाती.' भिकाजींनी डबा चारवरच धाडला होता. तो पुढे पाचवर वळला, तो महादूच्या उघड्या राहिलेल्या सांध्यावरून.

"कोणाचो दोष?" जानकीने विचारलं.

वीस वर्षांनी सुटका हातात आली होती. त्यांनी कागदाची घडी केली.

"माझो सांधोच बिघडललो गो. लोखंडाचो दोष, माणसाचो नाय."

"तुमचोय नाय?"

"माझोय नाय."

ती पदर तोंडाला लावून रडली आणि मग त्यांना जेवायला वाढायला उठली. मी कचेरीचं पत्र खिशात घालून निघालो.

त्या चतुर्थीला त्याच यार्डातून निवृत्त झालेले गंगाराम राणे खूप वर्षांनी गावी आले. पडवीतलं यार्ड बघून खूश झाले, आणि मग मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "भिकाजी, हय चार-पाचाच्या मधी एक सांधो होतो मरे. महादू सांभाळी तो."

जानकी चहा घेऊन दारात उभी होती.

"नव्हतो," भिकाजी म्हणाले. "तू इसारलंस."