हवा कोण सोडतं?

आमच्या ऑफिसात खुर्च्या चार आणि माणसं तीन. चौथ्या खुर्चीवर प्रिंटर बसतो. एवढ्याशा जागेत किस्से होणार तरी किती, असं वाटेल. पण दिवसभर बसून राहणाऱ्या माणसाच्या पोटावर चरबी साठते तसे ते आमच्याकडे साठत गेले. आणि चरबी उतरवायला निघालो, तर किस्से आणखीच वाढले! मागच्या तीन-साडेतीन महिन्यांतलेच सांगते. जुने काढायला बसले तर तुमचा चहा गार होईल.

तर आम्ही तिघं म्हणजे मी, रुपेश आणि ठवकर सर. भंडाऱ्यात एका कापडाच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. राईस मिलवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. कोणत्या गावचं धान आलं, किती पोती उतरली, तांदूळ किती निघाला, हे सगळं त्यात. प्रोग्रॅम मी आणि रुपेश लिहितो, मिलवाल्यांशी सर बोलतात. मी वरठीची. दहाएक किलोमीटर रोज स्कुटीनं जाणं-येणं. घरी खुर्ची, स्कुटीवर सीट, ऑफिसात पुन्हा खुर्ची. दिवसभरात मी नुसत्या बसायच्या जागा बदलत होते.

*

दिवाळीनंतर सारखा थकवा यायला लागला म्हणून रक्त तपासलं. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता. मी जरा ऐटीत सांगितलं की प्रोग्रॅमर आहे.

"म्हणजे बसता," ते म्हणाले, आणि कागदावर तेवढंच लिहिलं.

साखर काठावर आली होती. गोळी सुरू करू या म्हणाले. मी मुदत मागितली. त्यांनी तीन महिने दिले. रोज घाम निघाला पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी गोळी, आणि ती एकदा लागली की सहसा सुटत नाही.

वय छत्तीस. सासऱ्यांची गोळी मी आमच्याच घरात पाहिली होती. गोळीनंतर इंजेक्शन, इंजेक्शननंतर पायाचं बोट, आणि मग ते स्वतःच गेले. त्याला दोनच वर्षं झालेली. मला भीती वाटली आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. गोळी घ्यायची नाही, हे मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच ठरवलं. नवऱ्याला सांगितलं, पण आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगू नको असं बजावलं. 'शुगर' हा शब्द त्यांच्यासमोर पुन्हा काढवेना.

*

ऑफिसात मात्र सांगितलं. रुपेश म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ. याच्यावर सॉफ्टवेअर बनवू."

आता सरळ उठून चालायला लागलो असतो तर प्रोग्रॅमर कसले! दर तासाला तिन्ही कॉम्प्युटर पाच मिनिटं बंद पडतील असा प्रोग्रॅम लिहायला घेतला. पडद्यावर फक्त मोठ्ठी अक्षरं: 'उठा. चालायला लागा.' हे उठण्याचं सॉफ्टवेअर पूर्ण करायला आम्ही आठ दिवस जागचे उठलो नाही.

नवव्या दिवशी अड्याळचे एक मिलमालक आले. वयस्कर, धोतरातले, मोठी आसामी. त्यांच्या मिलमध्ये आमचं जुनं सॉफ्टवेअर होतंच; सर त्यांना समोर बसवून नवं दाखवत होते. पोत्यांचा हिशेब ऐन रंगात आला आणि पडदा काळा झाला. 'उठा. चालायला लागा.'

म्हातारबांनी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि उपरणं सावरून उठले. सरळ जिना उतरायला लागले. सर त्यांच्यामागे पळाले. सरांना जिन्यावर पळताना आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. रुपेश म्हणाला, प्रोग्रॅम चालला!

खाली रस्त्यावर सरांनी हात जोडून सगळं समजावलं. म्हातारबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे माया पोराच्या कॉम्प्युटरात पयले टाका. बाकीचं मंग पाहू."

*

मग दुपारी जेवल्यावर गच्चीवर दहा चकरा मारायचं ठरलं. तिघांनी बरोबर सुरुवात करायची. पण माझ्या दहा झाल्या की रुपेशची एक शिल्लक असायची. मी जिन्याशी उभी, सर घाम पुसत उभे, आणि हा गडी एकटाच आणखी एक फेरी मारून यायचा. मला वाटायचं, सरांसमोर शायनिंग मारतो.

चार दिवसांनी मी त्याला मोठ्यानं मोजायला लावलं. त्यानं पहिली चकर मारली आणि म्हणाला, "शून्य."

मी त्याच्याशी वाद घातला. तो म्हणे, मोजणी शून्यापासूनच असते, तुम्हीही कोडमध्ये असंच लिहिता. हे खरंच होतं. सर आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिले. त्यांना कोड लिहिता येत नाही, पण मिलवाल्यांचे फोन तेच उचलतात.

"तरीच," सर म्हणाले, "त्या अड्याळवाल्याच्या मिलमध्ये रोज एक पोतं जास्त काहून दिसून राहिलं!"

आम्ही दोघं खाली पळालो. चूक तिथंच होती. आणि ती रुपेशची नव्हती, माझी होती.

*

गच्चीवरच्या चकरांनी मात्र माझा घाम काही निघेना. थंडी सुरू झाली होती, आणि तीन आठवडे असेच गेले होते. मग मी सायकल काढली.

सायकल सासऱ्यांची. काळी, दांडीची, मागच्या पडवीत पोत्याखाली पडून होती. वरठीच्या पोलाद कारखान्यात ते तिच्यावरूनच ड्युटीला जायचे. पुढे मोटारसायकल घेतली तेव्हा आईंनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. त्या सायकलवर पाय टाकायला शिकताना मी दोनदा पडले. तिसऱ्या दिवशी थेट भंडारा गाठला. ऑफिसात पोचले तेव्हा माझा घाम बघून रुपेशनं पंखा लावला, भर थंडीत.

वाटेत कारखान्याचे कामगार समोरून यायचे, हँडलला डबे लटकवून. दोन-तीन दिवस नुसते बघत होते. मग एक वयस्कर काका सायकल थांबवून आपुलकीनं म्हणाले, "कोनत्या डिपार्टमेंटले लागल्या, बाई?"

मी सांगितलं की मी भंडाऱ्यात कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "होईन, होईन. इथंही जागा निघतेच."

गल्लीत तर चौकशाच सुरू झाल्या. स्कुटी विकली का? नोकरी आहे की गेली? हे प्रश्न मला कोणी विचारत नव्हतं. सगळे आईंना विचारायचे, आठवडी बाजारात, पिठाच्या गिरणीत. एका संध्याकाळी त्या बोलल्याच. आमच्या घरातून सायकल सुटली ती सुटली, आता सून तिच्यावर बसून कामाला जाते, लोकं काय म्हणतीन. मी म्हटलं, व्यायाम होतो आई. त्यांनी मान फिरवली.

*

दुसऱ्या दिवसापासून सायकलच्या मागच्या चाकात हवा नसायची.

पहिल्या दिवशी पंक्चर समजून ढकलत दुकानात नेली. दुकानदारानं ट्यूब पाण्यात बुडवून पाहिली. "हवा गेली नाही, मॅडम. कोनं तरी सोडली."

मला गल्लीतल्या पोरांचा संशय आला. पण पोरं व्हॉल्व्हची टोपी फेकून देतात. आमच्याकडे ती रोज तुळशीच्या कट्ट्यावर नीट ठेवलेली सापडायची. रांगोळीच्या डबीशेजारी, हरवू नये अशी.

मी कोणाला काही विचारलं नाही. पंप विकत आणला. पंधरा मिनिटं आधी उठायला लागले. अंगणात पंप रोवायचा, चाकाला चाळीस दणके द्यायचे, टोपी लावायची आणि निघायचं. रात्री चाक टणक, सकाळी चपटं. रुपेशला सांगितलं तर म्हणाला, शून्यापासून मोजा ताई, एक दणका जास्त बसेल. सर म्हणाले, आठवडाभर स्कुटीनं या, वाद मिटेल. मी नाही ऐकलं. कॅलेंडरवर महिना उरला होता, आणि त्या एका गोळीपुढे मला हवा सोडणाऱ्याचं काही वाटत नव्हतं.

एका सकाळी धुकं होतं, बोटं गारठलेली. पंपाचा दट्ट्या हातातून सटकला आणि गुडघ्यावर बसला. मी तिथेच अंगणात बसले. आई दारात सूप घेऊन उभ्या होत्या.

"इतकं कायले करून राहिली वो? गाडी उभी आहे नं दारात."

माझ्या तोंडून निघूनच गेलं. "आई, मले शुगर निघाली. महिनाभरात नाही उतरली तर गोळी लागते."

सुपातले तांदूळ हलायचे थांबले. त्यांनी सायकलकडे पाहिलं.

"सायकल होती तवर त्यायले काही नव्हतं," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाक टणक होतं. टोपी जिथल्या तिथं. मला उगाच रडू आलं.

*

तीन महिने पुरे झाले. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिला, चष्मा काढून मलाही पाहिलं. गोळी लिहीत नाही म्हणाले, चालू ठेवा. ऑफिसात सरांनी पेढे आणले आणि मला पेरू. पेढे त्या दोघांनी संपवले. घरी आईंना सांगितलं तेव्हा त्यांनी देवापुढे दिवा लावला आणि मला दोन भाकरी जास्त वाढायला निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंग जड होतं. बाहेर बोचरा वारा सुटलेला. म्हटलं, जिंकलो आहोत, आजचा एक दिवस आराम. स्कुटीची चावी घेतली आणि अंगणात आले.

स्कुटी जमिनीला टेकली होती. पुढचं चाक चपटं, मागचंही चपटं.

तुळशीच्या कट्ट्यावर दोन टोप्या शेजारी शेजारी ठेवलेल्या. बाजूला, व्हॉल्व्ह दाबायला घेतलेली, आगपेटीची एक काडी. पलीकडे सायकल उभी होती. मी अंगठ्यानं चाक दाबून पाहिलं, दगडासारखं टणक.

आई ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"डबा हँडलले लावून ठेवला आहे," त्या म्हणाल्या.